औषधांचे अंश आणि रेफरन्स स्टँडर्ड: द्राक्षवाल्यांपासून नव्या केमिस्टपर्यंत सगळे विचारतात ते प्रश्न

मी मूळचा निफाड तालुक्यातला, घरी द्राक्षबाग, आणि नोकरी नाशकात रेसिड्यू लॅबमध्ये, म्हणजे शेतमालात उरलेले औषधाचे अंश मोजणाऱ्या लॅबमध्ये, त्यामुळे दोन्हीकडचे प्रश्न माझ्याकडे येतात. जानेवारी उजाडला की गावाकडचे फोन सुरू होतात, "रिपोर्टमध्ये हे कुठून आलं", आणि लॅबमध्ये नवीन जॉईन झालेली पोरं विचारतात, "सर, स्टॉक (स्टँडर्डचं मूळ द्रावण) परत का बनवायचा, अजून अर्धी बाटली आहे की". दोघांच्या प्रश्नांचं मूळ एकाच छोट्या बाटलीत आहे, ती म्हणजे रेफरन्स स्टँडर्डची बाटली. म्हणून सगळं एकदाच लिहून काढतोय. ज्याला जो प्रश्न लागू तो वाचा.

रेफरन्स स्टँडर्ड म्हणजे नेमकं काय?

लासलगावला कांद्याची ट्रॉली वजनकाट्यावर चढते, तो काटा खरा आहे हे कशावरून ठरतं? वैधमापनवाले येतात, शिक्क्याची वजनं ठेवतात, काटा पास करतात. रेफरन्स स्टँडर्ड म्हणजे आमच्या मशीनसाठी ते शिक्क्याचं वजन. इमिडाक्लोप्रिड, क्लोरपायरीफॉस, फिप्रोनिल, जे कीटकनाशक मोजायचंय त्याचाच अतिशय शुद्ध नमुना, आणि तो किती टक्के शुद्ध आहे, त्या आकड्यात किती कमीजास्त होऊ शकतं, कुठपर्यंत वापरायचा, हे लिहिलेलं सर्टिफिकेट सोबत. बाटली एवढीशी असते, १०, ५० नाहीतर १०० मिलिग्रॅमची.

मशीनला इमिडाक्लोप्रिड कळत नाही हो. एलसीएमएसएमएस असो की जीसीएमएसएमएस, ही आमची मोजायची मशीनं, त्याला फक्त एक पीक (peak, म्हणजे आलेखावरचं टोक, शेतातलं पीक नव्हे) दिसतं, अमुक मिनिटाला अमुक उंचीचं. ते पीक इमिडाक्लोप्रिडचंच आहे आणि एवढ्या उंचीचा अर्थ एवढे पीपीबी (अब्ज भागांत इतके भाग), हे आपण त्याला स्टँडर्ड दाखवून शिकवतो. स्टँडर्ड चुकलं तर दोन-तीन कोटींचं मशीनसुद्धा अगदी मन लावून चुकीचं उत्तर देतं, आणि ते चुकीचं आहे असं त्याच्या स्क्रीनवर कुठेच दिसत नाही.

दुकानातलं औषध आहे की घरात, त्यालाच स्टँडर्ड म्हणून वापरलं तर?

हा प्रश्न शेतकऱ्यांनी पण विचारलाय आणि एमएस्सीच्या मुलांनी पण. नाही चालत. क्लोरपायरीफॉस २० ईसी म्हणजे त्यात मूळ घटक २० टक्के, बाकी सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव) आणि इमल्सिफायर. इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल तसंच. आणि त्या २० टक्क्यांना पण थोडं मागेपुढे चालतं, कारण ते फवारायला बनवलंय, मोजायला नाही. कंपनीचं टेक्निकल ग्रेड घेतलं तरी त्यात बनवतानाची अशुद्धी असते, आयसोमरचं (त्याच रेणूच्या वेगवेगळ्या ठेवणींचं) प्रमाण बॅचप्रमाणे बदलतं. फवारणीला त्याने काही बिघडत नाही. १० पीपीबी मोजताना सगळंच बिघडतं.

१० पीपीबी, ०.०१ एमआरएल (मालात चालणारी जास्तीत जास्त मर्यादा) म्हणतात, हे किती असतं?

एक हजार टन द्राक्षं डोळ्यांसमोर आणा, म्हणजे १० लाख किलो. त्या सगळ्या ढिगात मिळून १० ग्रॅम कीटकनाशक, तर ते झालं ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो. युरोपमध्ये ज्या औषधाला त्या पिकावर वेगळी मर्यादा ठरवलेली नाही त्याला हीच मर्यादा लागते, ३९६/२००५ या त्यांच्या रेग्युलेशनप्रमाणे. आपल्याकडे एफएसएसएआयनेही, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणानेही, मर्यादा नसलेल्या औषधांना ०.०१ च धरलीय. क्लोरपायरीफॉसचं उदाहरण घ्या, युरोपने २०२० च्या जानेवारीत त्याची मंजुरी पुढे चालू ठेवली नाही आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून सगळ्या मालावर ०.०१ लागू केलं. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं औषध, शेजारच्या कांद्यावर मारलं आणि वारा आपल्या बागेकडे असला तरी एवढं येऊ शकतं.

माझ्या रिपोर्टमध्ये जे मी मारलंच नाही ते आलंय. लॅब चुकली का?

कधी लॅब चुकते, नाही असं नाही, पण आधी हे बघा. बरीच कीटकनाशकं झाडात गेल्यावर रूप बदलतात. अॅसिफेट मारलं की मेथामिडोफॉस सापडतं. डायमेथोएटचं ओमेथोएट होतं. थायामेथोक्झाम मारणाऱ्याला क्लोथियानिडिन दिसतं, आणि तो शपथेवर सांगतो की मी क्लोथियानिडिनचं नाव पण ऐकलं नाही, आणि तो खरंच बोलत असतो. कार्बोसल्फानमधून कार्बोफ्युरान येतं. फिप्रोनिलचं फिप्रोनिल सल्फोन होतं आणि मर्यादा दोघांची मिळून मोजतात, म्हणजे नुसतं फिप्रोनिल मोजून मर्यादेच्या आत आलं म्हणून खुश होऊ नका, सल्फोनचा आकडा त्यात मिळवायचा असतो.

आता हे मोजायचं तर लॅबकडे मूळ औषधाचं पण स्टँडर्ड पाहिजे आणि त्याच्या बदललेल्या रूपाचं पण. ही मेटाबोलाइटची, म्हणजे बदललेल्या रूपांची, स्टँडर्ड महाग असतात, बाहेरून यायला वेळ लागतो, आणि पैसे वाचवायचे तर पहिली कात्री इथेच लागते. स्पायरोटेट्रामॅटला तर युरोपच्या जुन्या व्याख्येप्रमाणे मूळ औषध धरून पाच रूपं मोजायची होती. पिठ्या ढेकणासाठी ते आपल्याकडे भरपूर वापरतात, तेव्हा लॅबला विचारून घ्या की स्पायरोटेट्रामॅट मोजता म्हणजे नक्की काय काय मोजता.

लॅबने "काही सापडलं नाही" लिहिलं म्हणजे माल स्वच्छ ना?

लॅबने जे शोधलं त्यातलं काही सापडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि लॅब तेच शोधते ज्याचं स्टँडर्ड तिच्या फ्रीजरमध्ये आहे.

२०१० चा सीझन नाशिकवाले विसरलेले नाहीत. क्लोरमेक्वाट क्लोराइड, आपण सीसीसी म्हणतो ते, कीटकनाशक नाही, वाढ आवरायचं संजीवक आहे, पण धडा तोच. आपल्या बागा खरड छाटणीनंतर ते सर्रास वापरायच्या आणि निर्यातीआधी तपासायच्या यादीत ते नव्हतं. यादीत नाही म्हणून मोजत नव्हतो, मोजत नव्हतो म्हणून सगळे रिपोर्ट स्वच्छ. माल युरोपात पोचला, तिथल्या लॅबने मोजलं, आणि कंटेनर अडकले. शेतकऱ्याने लपवलं नव्हतं, लॅबने खोटं लिहिलं नव्हतं, तरी गावंच्या गावं कर्जात गेली. आमच्या गल्लीत त्या वर्षी ज्यांनी बाग तोडली त्यांची नावं मला आजही पाठ आहेत. त्यानंतर ते यादीत आलं. त्याची मोजणी पण वेगळीच, ते पाण्यात इतकं विरघळतं की नेहमीच्या पद्धतीत हातालाच लागत नाही, मिथेनॉलने वेगळं काढावं लागतं.

आता हाय रिझोल्यूशनची मशीनं आलीत, ती स्टँडर्डशिवाय पण "हे अमुक असावं" असा संशय सांगतात. पण संशयावर आकडा लिहिता येत नाही. आकडा पाहिजे तर स्टँडर्ड आणावंच लागतं.

म्हणून सॅम्पल देताना फवारणीची डायरी सोबत द्या, आणि संजीवकं, टॉनिक, सेंद्रिय म्हणून घेतलेल्या बाटल्या, सगळं सांगा. कोणी रागावत नाही. न सांगितलेलं शोधायला आमच्याकडे स्टँडर्डच नसेल तर तो धोका तुमच्या कंटेनरसोबत रॉटरडॅमला जातो.

सीआरएम आणि साधं स्टँडर्ड यात फरक काय?

सीआरएम म्हणजे सर्टिफाइड रेफरन्स मटेरियल, ज्याच्या आकड्याची साखळी वजनाच्या मूळ मापापर्यंत मागे जाते आणि ज्याच्या आकड्यासोबत अनिश्चितता लिहिलेली असते. ते बनवणाऱ्यांसाठी आयएसओ १७०३४ आहे, तपासणाऱ्या लॅबसाठी आयएसओ १७०२५. आपल्याकडे दोन्हीची मान्यता एनएबीएल देतं. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा भारतीय निर्देशक द्रव्य, बीएनडी, या नावाने देशी सीआरएम काढते, गुरुग्रामचं आयपीएफटी कीटकनाशकांच्या बाजूने काम करतं. तरी अजून बहुतेक बाटल्या जर्मनी, अमेरिका इथूनच येतात. हे बदललं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण ऐन फेब्रुवारीत एखादं स्टँडर्ड संपलं आणि ते बाहेरून यायचं असलं की बागेत साखर थांबत नाही, घड थांबत नाहीत, माल पिकत राहतो आणि आम्ही पार्सलची वाट बघत बसतो.

सर्टिफिकेटवर काय वाचायचं? आम्ही तर फक्त प्युरिटी बघतो.

नव्या पोरांनी हा भाग नीट वाचा.

आधी बॅच नंबर बघा, बाटलीवरचा आणि कागदावरचा एकच आहे का. हसू नका, ऑडिटमध्ये दोन वेगळ्या बॅचचे कागद निघालेले मी स्वतः बघितलेत. मग प्युरिटी कशाने काढलीय ते. नुसतं एचपीएलसीच्या (द्रवातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या मशीनच्या) पीकच्या टक्केवारीवर ९९.५ लिहिलं असेल तर थांबा, कारण यूव्ही डिटेक्टरला पाणी दिसत नाही, मीठ दिसत नाही, उरलेलं सॉल्व्हंट पण बऱ्याचदा दिसत नाही. बाटलीत ३ टक्के पाणी असलं तरी पीक ९९.५ च दाखवणार. चांगल्या सर्टिफिकेटवर पाणी कार्ल फिशर पद्धतीने वेगळं मोजलेलं असतं, ते वजा केलेलं असतं, किंवा क्वांटिटेटिव्ह एनएमआरने सरळ वजनी प्रमाण काढलेलं असतं. ओळख पटवायला एनएमआर किंवा मास स्पेक्ट्रम जोडलेला आहे का तेही बघा.

मग रूप बघा. बाटलीत इमामेक्टिन आहे की इमामेक्टिन बेंझोएट? मर्यादा इमामेक्टिन म्हणून मोजायची असते आणि बाटलीत त्याचं मीठ (रासायनिक क्षार, बेंझोएट) असतं. इमामेक्टिनचा मुख्य घटक बी१ए, त्याच्या मिठाचा रेणूभार १००८.२, त्यातला मूळ रेणू ८८६.१, म्हणजे ०.८७९ ने गुणायचं. हे विसरलात तर तुमचं स्टँडर्ड तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा १२ टक्के हलकं, आणि शेतकऱ्याचा रिपोर्ट खऱ्यापेक्षा जवळपास १४ टक्के जड. नुसत्या एका गुणाकारावरून.

आयसोमर पण तसंच. सायपरमेथ्रिन एक रेणू नाही, आठ आयसोमरचा जत्था आहे, जीसीवर चार पीक देतो. लॅम्डा सायहॅलोथ्रिन, स्पिनोसॅडचे ए आणि डी, अॅबामेक्टिनचे बी१ए आणि बी१बी, यांचं प्रमाण सर्टिफिकेटवर असतं आणि ते हिशेबात घ्यावं लागतं.

वजन किती घ्यायचं, आणि हिशेब कसा करायचा?

सँटेची गाइडलाइन, म्हणजे युरोपची रेसिड्यू लॅबसाठीची पोथी, सांगते की १० मिलिग्रॅमपेक्षा कमी घेऊ नका आणि पाच दशांशाचा बॅलन्स वापरा. बरोब्बर १०.०० आणायच्या नादात पावडर आत-बाहेर करत बसू नका, जेवढं आलं तेवढं लिहा. समजा ११.२० मिलिग्रॅम आलं, प्युरिटी ९८.५, १० मिलीचा फ्लास्क. ११.२० गुणिले ०.९८५ म्हणजे ११.०३, म्हणून स्टॉक झाला ११०३ मायक्रोग्रॅम प्रति मिली. बाटलीवर हा ११०३ लिहायचा, "१००० पीपीएम" नाही. मग पुढे तो पातळ करून १० पीपीएमचं (दहा लाखांत १० भाग) इंटरमीजिएट, त्यातून आणखी पातळ, रोज वापरायचं वर्किंग, आणि प्रत्येक पायरीला तारीख, सॉल्व्हंट, कोणी केलं ते लिहायचं.

नाशकात हिवाळ्यात आणि मार्च-एप्रिलमध्ये हवा कोरडी पडते, तेव्हा काचेवर स्टॅटिक येऊन पावडर उडते आणि आकडा स्थिर राहत नाही. धीर धरा, आयोनायझर असेल तर वापरा, एसीचा झोत बॅलन्सवर येऊ देऊ नका.

फ्रीजरमधून काढलं आणि लगेच पिपेट केलं तर काय होतं?

दोन गोष्टी होतात. पावडरची बाटली थंड असताना उघडली तर बाहेरच्या हवेतलं पाणी आत पावडरवर जमतं, पावसाळ्यात तर दिसतंच ते. म्हणून बंद बाटली आधी रूमच्या तापमानाला येऊ द्यायची. दुसरी गोष्ट कोणी शिकवत नाही. अॅसिटोनायट्राइल तापमानाने बरंच फुगतं-आकसतं. उणे २० ला ते आकसलेलं असतं, म्हणजे त्याच १ मिलीमध्ये २० अंशांच्या मानाने सुमारे ५ टक्के जास्त माल येतो. फ्लास्कवरची रेघ २० अंशांसाठी आखलेली आहे. तुम्ही घाईत थंडगार स्टॉक ओढला की ५ टक्के चूक तिथेच खाल्ली, आणि नंतर रिकव्हरी (मिसळलेल्यातलं किती परत आलं तो आकडा) का हलतेय म्हणून दिवसभर मशीन साफ करत बसता.

कुठल्या सॉल्व्हंटमध्ये बनवायचं?

बहुतेकांना अॅसिटोनायट्राइल चालतं, जीसीच्या कामाला इथिल अॅसिटेट, ऑर्गॅनोक्लोरिनना (डीडीटीसारख्या क्लोरीनवाल्या औषधांना) टोल्युइन किंवा आयसोऑक्टेन. पायरेथ्रॉइड मिथेनॉलमध्ये ठेवू नका, सायपरमेथ्रिनसारख्यांचे आयसोमर त्यात एकातून दुसऱ्यात पलटतात, पीकचं प्रमाण बिघडतं. अल्कलीने मोडणाऱ्या औषधांना किंचित आम्ल केलेलं अॅसिटोनायट्राइल मानवतं. सगळी अडीचशे औषधं एकाच बाटलीत ओतायचा मोह टाळा, तयार मिक्सवाले पण न पटणाऱ्यांना वेगळ्या अँप्यूलमध्ये देतात ते उगाच नाही. अँप्यूल एकदा फोडली की ती "तयार" राहिली नाही, घट्ट व्हायलमध्ये हलवा आणि तुमची स्वतःची मुदत लिहा.

जुनं स्टँडर्ड वापरलं तर नुकसान कोणाचं?

याचं उत्तर दोन दिशांनी आहे आणि प्रत्येक केमिस्टला दोन्ही पाठ पाहिजेत.

स्टँडर्ड आतल्या आत मोडलं, समजा २० टक्के कमी झालं, तर बाटलीवर लिहिलंय १० पण आहे ८. मशीन ८ चं पीक बघून त्याला १० समजतं. मग सॅम्पलमध्ये खरोखर ०.००८५ असेल तर रिपोर्ट येतो ०.०१०६. फेल. माल पास होता आणि फेल झाला. शेतकऱ्याला कमी भावात लोकलला द्यावा लागतो.

उलट, सॉल्व्हंट उडालं तर स्टँडर्ड घट्ट होतं. बाटलीवर १०, आतमध्ये जवळपास १२. मग सॅम्पल खऱ्यापेक्षा कमी दिसतं, रिपोर्ट पास होतो, आणि माल तिकडे बंदरावर फेल होतो. हे जास्त वाईट, कारण तेव्हा परत आणायलाही परवडत नाही.

२०२१ च्या मार्चमध्ये मी ज्या लॅबमध्ये होतो तिथे हे झालं. सीझनचा जोर, दिवसाला कितीतरी सॅम्पल, आणि इथिल अॅसिटेटमधलं वर्किंग मिक्स एकाच व्हायलमधून (छोट्या कुपीतून) रोज इंजेक्ट होत होतं, वरचं सेप्टम (झाकणातलं रबर) सुईने चाळणी झालेलं. दिंडोरीकडच्या एका प्लॉटचं क्लोरपायरीफॉस ०.००९ आलं, पास. मला ते रुचेना, कारण त्याच आठवड्यात सगळेच आकडे थोडे थोडे खाली सरकल्यासारखे वाटत होते. रात्री थांबून नवीन वर्किंग बनवलं, तेच एक्स्ट्रॅक्ट (द्राक्षातून काढलेला अर्क) परत लावलं, आकडा ०.०१०६. सॉल्व्हंट साधारण १५ टक्के उडालं होतं. सकाळी त्या शेतकरी दादांना फोन करून सांगितलं की रिपोर्ट मागे घेतोय. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "लिहून दिलेलं बदलता कसं येतं साहेब?" माझ्याकडे त्यांना द्यायला काही चांगलं उत्तर नव्हतं. त्यांनी आठ दिवस काढणी लांबवली, परत सॅम्पल दिलं, ते पास झालं. त्या आठ दिवसांत पाऊस आला असता तर मी काय केलं असतं हे मला आजही सुचत नाही.

तेव्हापासून माझा नियम: व्हायल ठेवताना वजन करून लेबलवर लिहायचं, काढताना परत वजन, फरक पडला की बाद. सेप्टम टोचलेली व्हायल दुसऱ्या दिवशी वापरायची नाही. दहा सेकंदांचं काम आहे.

नवीन आणि जुना स्टॉक जुळतोय का हे कसं बघायचं?

दोन्हींचं एकाच ताकदीचं द्रावण करा, प्रत्येकी पाच इंजेक्शन द्या, आणि सरासरीत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. जास्त आला तर जुनंच वाईट असं धरून चालू नका. नवीन बनवताना पण चूक होते, मग तिसरं बनवा.

मुदत संपलेली बाटली फेकायचीच असं नाही, ती अजून तशीच आहे हे अशा तुलनेने दाखवता आलं आणि कागदावर असलं तर वापरता येते. पण सीझनमध्ये हे धाडस करू नका, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करा, तेव्हा वेळ असतो.

मॅट्रिक्स मॅच्ड स्टँडर्ड कशाला? साध्या सॉल्व्हंटमधलं चालत नाही का?

द्राक्षाच्या एक्स्ट्रॅक्टमध्ये साखर, आम्ल, रंग असं काय काय येतं, आणि ते मशीनमध्ये औषधाच्या पीकला दाबतं किंवा फुगवतं. जीसीवर बऱ्याचदा फुगतं, एलसीएमएसवर बऱ्याचदा दबतं. म्हणून औषध न मारलेल्या द्राक्षाचं एक्स्ट्रॅक्ट घेऊन त्यातच स्टँडर्ड बनवायचं, म्हणजे दाब दोन्हीकडे सारखा. पुण्याच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राने, जी आपली राष्ट्रीय रेफरल लॅब आहे, इथिल अॅसिटेटची पद्धत बसवली: १० ग्रॅम माल, १० मिली इथिल अॅसिटेट, १० ग्रॅम सोडियम सल्फेट. जगभर २००३ पासून क्वेचर्स चालतं, अॅसिटोनायट्राइलवालं. दोन्हीला मॅट्रिक्स मॅच लागतंच.

अडचण ब्लँक, म्हणजे असा औषध न मारलेला माल, मिळवायची. खरोखर स्वच्छ द्राक्ष नाशिक जिल्ह्यात ऐन सीझनला शोधायचं म्हणजे काम आहे. मी घरच्या परसातल्या मांडवावरचे घड दरवर्षी ठेवून देतो, आई मुद्दाम फवारू देत नाही, ते कापून, दळून, उणे २० ला. कांद्याचा ब्लँक द्राक्षाला चालणार नाही, डाळिंबाचा पण नाही. कांद्याची गंधकाची संयुगं तर स्वतःच पीक देतात आणि भल्याभल्यांना चकवतात.

काहीजण आयसोटोपचं लेबल लावलेली स्टँडर्ड वापरतात, इमिडाक्लोप्रिड डी४, क्लोरपायरीफॉस डी१०. तोच रेणू, फक्त काही हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणून जे औषधाचं होईल तेच त्याचं होतं. उत्तम आहे, पण अडीचशेच्या यादीला हे परवडत नाही, ज्यांच्यावर सारखा वाद होतो त्या चार-पाचांना जरूर घ्या.

माती आणि पाण्याला हीच स्टँडर्ड चालतात का?

रेणू तोच, पण यादी वेगळी. मातीत आजचं कमी आणि आजोबांच्या काळातलं जास्त सापडतं. जुने लोक बीएचसी पावडर म्हणायचे, गॅमेक्सीन म्हणायचे, ते १९९७ मध्ये बंद झालं, पण त्यात अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा असे आयसोमर होते आणि बीटा सगळ्यात चिवट. म्हणून नुसतं लिंडेनचं, म्हणजे गॅमाचं स्टँडर्ड घेऊन माती तपासली तर बीटा तसाच नजरेआड राहतो. डीडीटीचं पण असंच, मातीत डीडीई आणि डीडीडी बघायचे. डीडीई जास्त आणि डीडीटी कमी म्हणजे जुनं, उलट असेल तर अलीकडे कोणीतरी वापरलंय, इतकी गोष्ट त्या प्रमाणातून कळते. एंडोसल्फान २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंद केलं, त्याचे अल्फा, बीटा आणि सल्फेट तिन्ही हवेत.

एक काळजी घ्या. डीडीटी आणि एंड्रिन जीसीच्या घाणेरड्या लायनरमध्येच (सॅम्पल आधी जिथे जातं त्या काचेच्या नळीत) मोडतात. मग मातीत नसलेलं डीडीडी मशीनने स्वतः बनवलेलं असतं. रोज सकाळी नुसतं डीडीटी आणि एंड्रिनचं स्टँडर्ड मारून बघा, मोडण्याचं प्रमाण १५ टक्क्यांच्या वर गेलं तर लायनर बदला.

पाण्याचं गणित अजून बारीक. युरोपात पिण्याच्या पाण्यात एका कीटकनाशकाला ०.१ मायक्रोग्रॅम प्रति लिटर आणि सगळ्यांना मिळून ०.५. आपल्या आयएस १०५०० मध्ये प्रत्येकाचा आकडा वेगळा आहे, क्लोरपायरीफॉस ३०, एंडोसल्फान ०.४, आल्ड्रिन-डायल्ड्रिन ०.०३ मायक्रोग्रॅम. गोदावरीचं असो की निफाडच्या बोअरचं, एक लिटर पाणी कार्ट्रिजमधून (औषध धरून ठेवणाऱ्या छोट्या नळीतून) जाऊ द्यायचं आणि त्यात अडकलेलं औषध एक मिलीवर आणायचं, म्हणजे हजार पट घट्ट. तेव्हा तुमच्या सॉल्व्हंटमधली घाण पण घट्ट होऊन दिसते, त्यामुळे स्टँडर्डसोबत ब्लँक (औषध नसलेलं स्वच्छ पाणी, त्याच पद्धतीने) लावल्याशिवाय पाण्याचा कुठलाही रिपोर्ट मी मानत नाही.

रिकव्हरी ७० ते १२० म्हणतात, मग ७० आली तर ३० टक्के गेलं कुठे?

ब्लँक द्राक्षात माहीत असलेलं स्टँडर्ड मिसळायचं, पूर्ण पद्धत करायची, किती परत आलं ते बघायचं. काही काढतानाच मागे राहतं, काही अर्क साफ करताना, क्लीनअपला, चिकटतं. सरासरी ७० ते १२० आणि फरक २० टक्क्यांच्या आत असेल तर पद्धत मान्य. मात्र ज्या बाटलीतून स्पाइक केलं, म्हणजे मिसळलं, त्याच बाटलीतून कॅलिब्रेशन केलं, म्हणजे मशीनला शिकवलं, असेल तर बाटली कितीही खराब असो, रिकव्हरी सुंदर ९८ येईल, कारण चूक चुकीला कापते. म्हणून स्वतंत्र वजनाचा, जमलं तर दुसऱ्या सप्लायरचा स्टॉक चेकला ठेवा. पीटीचं सॅम्पल, म्हणजे सगळ्या लॅबना सारखंच आलेलं अनोळखी सॅम्पल, तेच करतं. तिथे झेड स्कोअर, म्हणजे ठरलेल्या आकड्यापासून तुमचा आकडा किती लांब आहे ते माप, उणे २ ते २ मध्ये पाहिजे.

दोन लॅबचे रिपोर्ट वेगळे आले, कोणाचं खरं?

आधी सॅम्पल एकच होतं का बघा. एका ओळीचे घड इकडे आणि दुसऱ्या ओळीचे तिकडे दिले असतील तर फरक बागेतलाच आहे. सॅम्पल एकच असेल तर दोन्ही लॅबना चार गोष्टी विचारा, हक्काने विचारा: हे औषध तुमच्या एनएबीएलच्या स्कोपमध्ये (मान्यतेच्या यादीत) आहे का, कमीत कमी किती मोजता, मेटाबोलाइट धरलेत का, आणि स्टँडर्ड कुठल्या तारखेचं होतं. चांगली लॅब चिडत नाही, फाईल उघडून दाखवते. आणि हे पण लक्षात घ्या की सँटे स्वतःच ५० टक्के अनिश्चितता धरते, म्हणजे ०.००९ आणि ०.०११ हे आमच्या दृष्टीने एकच आकडा आहे. युरोपची सरकारी लॅब ती सूट धरूनच दोषी ठरवते, पण तिथला सुपरमार्केटवाला धरत नाही, म्हणून आपला निर्यातदारही धरत नाही. काठावरचा रिपोर्ट आला तर वाद घालण्यापेक्षा पाच-सात दिवस थांबून परत सॅम्पल देणं स्वस्त पडतं, हवामान साथ देत असेल तर.

उरलेली स्टँडर्ड बेसिनमध्ये ओतली तर चालतं का, एवढीशीच तर असतात?

नाही. त्या १० मिलीच्या फ्लास्कमध्ये १० मिलिग्रॅम कीटकनाशक आहे, म्हणजे ०.१ मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने १ लाख लिटर पाणी मर्यादेला पोचवायला पुरेसं. वेगळ्या कॅनमध्ये जमा करा, लेबल लावा, परवानाधारक घातक कचरावाल्याकडे द्या, आणि फ्लास्कचं पहिलं-दुसरं धुणंसुद्धा त्याच कॅनमध्ये. हातमोजे घाला, मोनोक्रोटोफॉस, फोरेट, मेथोमिल यांची पावडर किंवा द्रावण फ्यूमहूडच्या बाहेर उघडू नका, आणि एकट्याने रात्री वजन करत बसू नका.